ऑनलाईन स्नीकर घेताय? नंबर विसरा, आधी पाय मोजा

"माझा ८ नंबर आहे" एवढं माहिती असलं की बूट मागवता येतो असं वाटतं आणि तिथेच सगळं बिघडतं. मीपण तसाच मागवला होता, डोळे झाकून ८, नाशिकला गोल्फ क्लबच्या जॉगिंग ट्रॅकवर दोन-तीन राउंड मारले तेव्हा काही जाणवलं नाही पण पुढच्या रविवारी अंजनेरीच्या डोंगरावर गेलो आणि उतरताना प्रत्येक पायरीला अंगठा पुढे सरकून ठोकायला लागला, घरी येऊन मोजे काढले तर दोन्ही अंगठ्यांची नखं काळीनिळी. रिटर्नची मुदत पण संपलेली. तेव्हापासून घरातल्या सगळ्यांचे बूट मी मागवतो आणि कुणालाच नंबर विचारत नाही, पाय मोजतो.

पाय संध्याकाळी मोजायचे. दिवसभर उभं राहून, चालून पाय थोडे सुजतात, मेमधल्या उन्हात तर जास्तच, आणि सकाळच्या मापावर घेतलेला बूट संध्याकाळी चावतो. जे मोजे बुटात घालणार तेच घालून मोजा. भिंतीला लागून फरशीवर कागद ठेवा (खाली स्कर्टिंगची टाईल पुढे आलेली असेल तर कागद तिलाच टेकवा, कारण टाच तिथेच अडणार), त्यावर पूर्ण वजन टाकून उभे रहा आणि खूण दुसऱ्या कुणाला तरी करू द्या, स्वतः वाकलात की वजन हलतं आणि माप चुकतं. पेन्सिल एकदम उभी धरायची. तिरकी धरली की बोटाच्या खाली घुसते आणि ३-४ मिमी खाते, आता हे ऐकायला किरकोळ वाटतं पण यूकेचा एक पूर्ण नंबर म्हणजे एक तृतीयांश इंच, साधारण साडेआठ मिमी, म्हणजे अर्धा नंबर तिथेच गेला ना!

बाबांचा पाय मोजला तेव्हा हे नीट कळलं. ते सातपूरला कंपनीत होते, बरीच वर्षं सेफ्टी शूज, त्यामुळे चवडा चांगलाच रुंद. आधी खुर्चीत बसवून कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर उजवं पाऊल काढलं, २५.८ सेमी. मग त्यांना उभं केलं, त्याच पावलाच्या रेघेबाहेर बोटं गेलेली स्पष्ट दिसत होती, माप आलं २६.३. बसून मोजलं असतं तर बूट नक्की लहान आला असता. डावा पाय २६.१ होता. दोन्ही पाय क्वचितच सारखे असतात, जो मोठा तो धरायचा. आणि माप अंगठ्यापर्यंतच घेऊ नका, बऱ्याच जणांचं अंगठ्याशेजारचं बोट लांब असतं, जे सगळ्यात पुढे असेल तिथपर्यंत मोजायचं.

आता साईझ चार्ट. यूके, यूएस, ईयू सगळं बाजूला ठेवा आणि सेमीचा कॉलम शोधा. कारण नायकीच्या पुरुषांच्या चार्टमधे यूके ८ म्हणजे २७ सेमी आणि आदिदासच्या चार्टमधे यूके ८ म्हणजे २६.५. नंबर एकच, पाय वेगळा. बाबांच्या २६.३ ला २६.५ ची ओळ धरली तर नायकीत ७.५ येतो आणि आदिदासमधे ८, आणि गंमत म्हणजे दोन्हीकडे ईयू ४२ च. ईयू नंबर बुटाच्या साच्याची, बूट बनवणारे ज्याला फर्मा म्हणतात त्याची लांबी सांगतो, एक नंबर म्हणजे पाऊण सेमीपेक्षा थोडं कमी, ४२ म्हणजे २८ सेमी. पाय २६.५, साचा २८, मधली जागा बोटांना हलायला. कॉन्व्हर्सचे चक टेलर साधारण अर्धा नंबर मोठे येतात ते पण लक्षात ठेवा. बायकांचा यूएस नंबर पुरुषांच्यापेक्षा वेगळा असतो, बहुतेक ब्रँडमधे दीड नंबरने पुढे, त्यामुळे बहिणीला पुरुषांच्या सेक्शनमधला बूट आवडला तर तिचा नंबर तसाच टाकू नका, सेमी बघा.

इथे एक मोठी गडबड होते. काही चार्टमधे सेमी म्हणजे पायाची लांबी असते आणि काहींमधे, विशेषतः स्वस्तातल्या बुटांच्या, आतल्या इनसोलची (तळव्याखालच्या गादीची) किंवा चक्क बाहेरच्या सोलची. वर काय लिहिलंय ते नीट वाचा. इनसोलचं माप असेल तर पायापेक्षा साधारण एक सेमी जास्त हवं. विक्रेत्याने टाकलेला चार्ट सगळ्या बुटांना एकच चिकटवलेला असतो बरेचदा, म्हणून कंपनीच्या स्वतःच्या साईटवर जाऊन ताळा करा. आणि घरात नीट बसणारा जुना स्नीकर असेल तर त्याची जीभ उलटून बघा, आत लेबलवर बहुतेक वेळा सेमी किंवा जेपी (जपानी नंबर, तोही पायाच्या लांबीवरच) म्हणून आकडा छापलेला असतो, तो तुमचा खरा नंबर.

लांबी जमली तरी निम्मं काम बाकी आहे, कारण आपले चवडे रुंद असतात. चेन्नईच्या सीएलआरआय (केंद्रीय चर्म संशोधन संस्था) या सरकारी संस्थेने एक लाखाहून जास्त भारतीयांचे पाय मोजले, त्यात आपले पाय युरोपियन-अमेरिकन लोकांपेक्षा साधारणपणे रुंद निघाले, त्यावरूनच 'भा' नावाची भारतीय साईझ सुचवली गेली. मग आपण काय करतो, करंगळी दाबली जाते म्हणून एक नंबर मोठा घेतो. नका करू असं. लांबी वाढली की टाच निसटते आणि बूट जिथे वाकायला हवा तिथे वाकत नाही. त्यापेक्षा 'वाईड' किंवा २ई लिहिलेला घ्या, पुरुषांमधे नॉर्मल रुंदीला डी म्हणतात. ते मिळत नसेल तर वरचा भाग विणलेल्या कापडाचा बघा, तो थोडं सामावून घेतो, कडक सिंथेटिक अजिबात नाही. रिव्ह्यू वाचताना स्टार सोडा, "चवडा रुंद आहे", "पुढून टाईट" असं लिहिणारे शोधा.

मुलांचे बूट वाढत्या अंगाचे म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका, पोरं धडपडतात, बोटापुढे एक सेमी पुरे. यूकेत मुलांचे नंबर १३ पर्यंत जाऊन परत १ पासून सुरू होतात, तेवढं सांभाळा.

कॉलेज रोडला दुकानात घालून बघता येतं हे खरं, पण तिथल्या पोराला चार खोके काढायला लावून घरी येऊन ऑनलाईन मागवणं मला पटत नाही. बसला आणि भाव जवळपास असेल तर तिथूनच घ्या.

पार्सल आलं की घाई करू नका. संध्याकाळीच, तेच मोजे, धुतलेल्या चादरीवर. टॅग काढायचा नाही, खोक्यावर चिकटपट्टी लावायची नाही. लेस बांधून उभे रहा, सगळ्यात लांब बोटापुढे हाताच्या अंगठ्याएवढी जागा हवी. दहा मिनिटं घरातच चाला, मग टाच उचलून चवड्यावर उभे रहा, टाच बाहेर येते का बघा. थोडीच निसटत असेल तर वरच्या शेवटच्या जादा भोकातून लेसचा फास करून बांधा, बरेचदा तेवढ्यावर भागतं. पण बोट टेकत असेल तर "घालून घालून सैल होईल" म्हणून ठेवू नका, लांबी सैल होत नाही. आणि मागवायच्या आधीच बघा की साईझ एक्सचेंज आहे का आणि किती दिवसांत, सेलमधे बऱ्याचदा नसतो.

बाबांच्या पावलाचं ते कॅलेंडरचं पान मी तारीख टाकून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलंय. वयाबरोबर पाय पसरतो, पुढच्या दिवाळीला परत काढणार.