माळवदाचे जुने घर दुरुस्त करताना

मराठवाड्यातील माळवदाचे, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचा थर दिलेल्या सपाट छताचे, घर दुरुस्त करायचे ठरले की गवंड्याला बोलावण्याआधी एक सकाळ राखून ठेवावी आणि वही घेऊन आपल्याच गावाच्या जुन्या गल्ल्यांतून पायी फिरावे. मोटारसायकलवरून जाताना घराचा दर्शनी भाग तेवढा नजरेस पडतो. थांबत थांबत चालले म्हणजे कोणत्या भिंतीने पोट काढले आहे, कोणाच्या पन्हळीचे पाणी थेट भिंतीच्या पायथ्याशी पडते आणि सिमेंटचा गिलावा कोठे मातीपासून सुटला आहे, हे दिसू लागते. पडक्या वाड्यापाशी अधिक वेळ द्यावा. तेथील उघड्या भिंतीत दगडांचे आतले आणि बाहेरचे असे दोन वेगळे थर आणि त्यांच्यामधली माती-गोट्यांची भर स्पष्ट दिसते. आपल्या घराची भिंतही बहुधा तशीच असते.

हे पाहणे आवश्यक आहे, कारण 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपात हजारो माणसे अशाच भिंती आणि माळवदांखाली दगावली. दोन्ही थरांना आरपार बांधणारे दगड नसल्यामुळे भिंती उकलल्या आणि वरचे मातीचे ओझे खाली आले. जुने घर राखणे हा सिमेंट, लोखंड आणि वाळू वाचवण्याचा उत्तम मार्ग आहे, असे मी मनापासून मानतो. परंतु ते घर आधी सुरक्षित केले पाहिजे.

सुरुवात माळवदापासून करावी. दरवर्षी मृगाआधी गळती थांबवण्यासाठी वर पांढरी माती टाकण्याची आपली रीत आहे, मात्र जुनी माती कोणी काढत नाही, त्यामुळे पिढ्यानपिढ्या थर वाढत जातो. दहा फूट लांब आणि दहा फूट रुंद खोलीवर एक फूट माती असेल, तर ती 100 घनफूट भरते आणि तिचे वजन साधारण साडेचार ते पाच टन होते. पावसात भिजल्यावर ते आणखी वाढते. होळीनंतर कोरड्या दिवसांत ही माती उतरवावी. ती दोन्ही बाजूंनी सारखी काढावी आणि छतावर एका जागी ढीग करू नये. किलच्या (तुळयांवर आडव्या घातलेल्या लाकडी पट्ट्या) आणि तुळया उघड्या पडल्या की प्रत्येक लाकूड ठोकून पाहावे. पोकळ आवाज आला किंवा वाळवीची माती दिसली, तर ते लाकूड बदलावे. खांब आणि तुळई यांच्या जोडावर तिरके लाकडी आधार द्यावेत. त्यानंतर किलच्यांवर जाड ताडपत्री अंथरून सहा ते आठ इंचच माती घालावी आणि पन्हळीकडे उतार ठेवावा. यासाठी शेतातील काळी माती वापरू नये. ती भिजली की फुगते आणि वाळली की भेगाळते. ताडपत्री प्लास्टिकची असते हे खरे, पण तिच्यामुळे दरवर्षी माती वाढवण्याची गरज उरत नाही, म्हणून ही तडजोड मला योग्य वाटते.

भिंतीचे काम मात्र जाणकार अभियंत्याच्या देखरेखीखालीच करावे. नवी दगडी भिंत रचताना उंचीत दर 60 सेंटिमीटरला आणि लांबीत जास्तीत जास्त 1.2 मीटर अंतरावर भिंतीच्या पूर्ण जाडीचा जोडदगड बसवावा. उभ्या भिंतीत हेच काम हलक्या हाताने आरपार भोक पाडून, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून आणि काँक्रीट भरून साधता येते. कोपरे उकललेले असतील किंवा भिंत कलली असेल, तर माळवदाला टेकू देऊन तो भाग उतरवावा आणि त्याच दगडांत पुन्हा बांधावा. तोवर त्या खोलीत कोणीही झोपू नये.

गिलाव्यासाठी चुना किंवा माती वापरावी. आमच्या ओसरीला एकदा सिमेंटचा गिलावा केला होता. आत अडकलेल्या ओलीमुळे दोन पावसाळ्यांतच तो पत्र्यासारखा सुटला आणि मागची माती भुसभुशीत झाली. माळवदावरून उतरवलेली माती चाळून, तिच्यात बारीक भुसा मिसळून, काही दिवस भिजवून तुडवली की आतल्या भिंतींना पुरते. मातीत वनस्पतीचे तंतू मिसळण्याची ही पद्धत फार जुनी आहे. वेरूळच्या लेण्यांतील गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू सापडले आहेत. बाहेरच्या बाजूला, जेथे पाऊस झोडपतो, तेथे एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग वाळू घ्यावी. कळीचा चुना विरवताना पाणी उकळते, म्हणून डोळे आणि हात झाकावेत, मुलांना दूर ठेवावे आणि चुना निदान पंधरा दिवस मुरू द्यावा. आपल्याकडच्या उन्हात हा गिलावा लवकर सुकून तडकतो, तेव्हा त्यावर ओली पोती आठवडाभर लावून ठेवावीत.

छतातले साणे, म्हणजे उजेड-वाऱ्यासाठी ठेवलेले भोक, बुजवू नये. उन्हाळ्यात गरम हवा तेथूनच बाहेर जाते. त्यावर काच बसवायची असेल, तर ती उघडता येईल अशी बसवावी. न्हाणी मातीच्या भिंतीला लागून असेल, तर ती हलवावी. पहिल्या मोठ्या पावसात छत्री घेऊन घराभोवती एक फेरी मारावी आणि पन्हळीचे पाणी भिंतीपासून किती दूर पडते ते पाहावे. ते पायथ्याशी पडत असेल, तर पन्हळ लांबवून खाली शहाबादी फरशीचा तुकडा उतरता बसवावा.