सातची शिफ्ट पावणेसातला सुरू होते

आयटीआय करून भोसरी-चाकणला सीएनसी लेथवर (धातू फिरवून कापणाऱ्या संगणकी मशीनवर) लागलेल्या मुलाला ‘मेहनत कर’ असं घरीदारी सगळेच सांगतात. अंगमेहनत तो करतोच. तरी माल रिजेक्ट होतो, आणि बहुतेक वेळा चूक शिफ्ट बदलताना झालेली असते.

पंचिंग सातला केलं तरी हजेरी लागते. पण तोवर आधीचा ऑपरेटर हात धुऊन निघालेला असतो. म्हणून पावणेसातला मशीनपाशी हवं. त्याला तीन गोष्टी विचारायच्या: इन्सर्ट (धातू कापणारं पातं) कधी बदललं, शेवटचा ऑफसेट (मशीनला दिलेली मापाची दुरुस्ती) किती दिला, माप कुठे सरकतंय. इन्सर्ट झिजत जातं तसा बाहेरचा व्यास वाढत जातो. नवा मुलगा न विचारता ट्रेमधला पीस मोजतो, 0.03 मिमी जास्त दिसला म्हणून ऑफसेट देतो. तीच दुरुस्ती आधीच्याने जाता जाता केलेली असते. मग पुढचा पीस तेवढाच बारीक निघतो. जाड राहिलेला पुन्हा कापता येतो, बारीक झालेला थेट भंगारात जातो.

मायक्रोमीटरची (बारीक माप घ्यायच्या साधनाची) तोंडं पुसून झिरो बघितल्याशिवाय पहिला पीस मोजू नका. घट्ट पिळू नका, रॅचेटनेच (टोकाच्या टकटकणाऱ्या मुठीनेच) फिरवा. मशीनमधून नुकताच निघालेला पीस गरम असतो. 100 मिमीचं स्टील 10 अंशांनी गरम असलं तर साधारण 0.01 मिमी मोठं भरतं. घाईत तसंच मोजून ऑफसेट दिला की थंड झाल्यावर माप कमी भरतं.

लॉगबुकात दर तासाचं माप त्याच तासाला लिहा. सुट्टीच्या वेळी बसून एकसारखे आकडे भरलेले अनुभवी सुपरवायझर लगेच ओळखतो. बिघडलेला पीस लाल पेटीत टाकून स्वतः जाऊन सांगा. ओरडा बसेल, पण तो पीस पुढे असेंब्लीत सापडला तर अख्खी लॉट तपासावी लागते.

आता घरचं. भोसरीत बऱ्याच कंपन्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते, तेव्हा मुलांची शाळा चालू असते. म्हणून महिन्याच्या शिफ्ट कालनिर्णयवर लिहून सगळ्यांना दिसेल अशा लावा. लग्न, दवाखाना, पालकसभा ते बघूनच ठरवायचं. नाईट करून आल्यावर ‘जरा बँकेत जाऊन ये’ हे घरच्यांनी म्हणू नये. दिवसाची सलग झोप मोडलेला माणूस रात्री तीनला फिरत्या चकपाशी (पीस पकडून फिरवणाऱ्या भागापाशी) उभा असतो, हे घरात प्रत्येकाला ठाऊक हवं.

आणि डबा. पहिल्या शिफ्टसाठी आई किंवा बायको पहाटे पाचला उठते. तिचीही शिफ्ट तिथूनच सुरू होते, तिला मात्र गुरुवार नसतो. भाजी रात्रीच चिरून ठेवा, कणीक मळून द्या, रिकामा डबा घरी येताच स्वतः घासून पालथा घाला. सकाळी उघडल्यावर आत कालचं कालवण वाळलेलं निघालं तर तिची दहा मिनिटं तिथेच जातात, आणि तुमची बस चुकते.