परसबागेतला बटाटा : बेणं कुजू देऊ नका

कोल्हापुरात बटाटा लावायचा तो नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात. ऑक्टोबर उजाडला की लावा म्हणणारे आपल्याकडचा परतीचा पाऊस विसरतात. खाली चिंब माती, वर उन्हाचा चटका, मधे बेणं, म्हणजे लावलेला बटाटा, उबून जातं. बटाटा पोसायला मातीत १५ ते २० अंशांचा गारवा लागतो. नोव्हेंबरात लावला की पोसायचे दिवस नेमके डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत येतात.

पंचगंगेकाठची काळी चिकण माती असेल तर सपाट वाफा नको, सरी-वरंबा (चर आणि त्यालगत मातीचा उंचवटा) करा आणि शेणखत भरपूर घाला. खत पुरतं कुजलेलंच हवं.

आता बेणं. माझी पहिली दोन वर्षं इथेच वाया गेली. सकाळी बटाटे कापले, दुपारी लावले, वर झारीनं पाणी घातलं. बारा दिवस झाले तरी कोंब दिसेना म्हणून उकरलं, तर हाताला तपकिरी, चिकट लगदा लागला. तो वास दोन दिवस नखांतून गेला नाही.

म्हणून ठामपणे सांगते : अंड्याएवढे, कोंब फुटलेले बटाटे मिळाले तर कापूच नका. मोठा असेल तर उभा कापा. प्रत्येक फोडीला दोन तरी डोळे आणि ४०-५० ग्रॅम गर हवा. नुसती डोळ्याची साल लावा, हा सल्ला ऐकू नका. मुळं धरेपर्यंत कोंब त्या गरावरच जगतो. दर बटाट्यानंतर सुरी उकळत्या पाण्यात बुडवा, नाहीतर एकाचा रोग सगळ्यांना लागतो.

कापलेल्या फोडी सावलीत, एकमेकींना न चिकटतील अशा पसरा. वर ओलं करून घट्ट पिळलेलं गोणपाट टाका. तीन दिवस हात लावू नका. चौथ्या दिवशी कापावरून बोट फिरवा : चिकटपणा जाऊन पातळ, खरखरीत पापुद्रा लागला पाहिजे. तोच फोडीची नवी साल. उन्हात वाळवलेली फोड सुरकुतते, पण तिला साल धरत नाही. राख लावायची तर लावा, पण ती या तीन दिवसांची जागा घेत नाही.

पाणी लावणीआधी द्यायचं, नंतर नाही. वाफसा आला, म्हणजे माती ओलसर पण हाताला न चिकटणारी झाली, की चार बोटं खोल, वीतभर अंतरावर, डोळे वर करून लावा. माती अगदीच कोरडी पडली तरच पाणी द्या, एरवी कोंब वर येईपर्यंत तोडा. हात शिवशिवतील, तरी थांबा.

रोप वीतभर झालं की भर द्या, म्हणजे बुंध्याशी माती चढवा; पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा. वर उसाचं पाचट अंथरा. आपल्याकडे त्याला काय तोटा! उघडा पडलेला बटाटा उन्हानं हिरवा होतो, तो विषारी. खाऊ नका, जनावरालाही घालू नका.

कोंब वर आल्यावर पाणी थोडं पण नेमानं द्या. ढगाळ हवेत पानांवर काळपट डाग दिसले तर तो करपा; ती पानं लगेच काढून लांब नेऊन पुरा.

तीन महिन्यांनी पाला पिवळा पडतो. पाणी बंद करा, आठ-दहा दिवसांनी एक बटाटा काढून अंगठ्यानं घासा. साल निघाली तर आणखी आठवडाभर थांबा. काढलेले बटाटे धुऊ नका. माती झटकून अंधाऱ्या, हवेशीर कोपऱ्यात पसरा आणि खुरप्याचा घाव लागलेले त्याच दिवशी भाजीला घ्या.