पेशीत ठिपके चमकले म्हणून लगेच खूश होऊ नका: क्वांटम डॉट वापरताना या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक म्हणजे मीच केलेली. हेला पेशींना (लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या माणसाच्या कर्करोग पेशी) रात्रभर क्वांटम डॉट, म्हणजे प्रकाश पडला की चमकणारे अर्धवाहकाचे नॅनोकण दिले, सकाळी कॉन्फोकल मायक्रोस्कोपवर न्यूक्लियसच्या भोवती मस्त लाल ठिपके, मी लगेच गाईडना फोटो दाखवला आणि त्यांनी एकच विचारलं, "हे सायटोप्लाझममध्ये (पेशीतल्या मोकळ्या द्रवात) आहेत कशावरून?" बोलतीच बंद. मग हिरवा लायसोट्रॅकर (लायसोसोम, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या पिशव्या, रंगवणारा डाय) टाकून बघितलं तर जवळपास सगळे ठिपके लायसोसोमवरच बसलेले! पेशी हे कण एंडोसायटोसिसने, म्हणजे पडद्याच्या पिशवीत गुंडाळून, गिळते आणि ते त्या पिशवीतच अडकतात, कणावर कितीही महागडी अँटिबॉडी लावा, आतल्या प्रोटीनपर्यंत ती पोचतच नाही. त्यासाठी मायक्रोइंजेक्शनसारखं (बारीक सुईने थेट पेशीत सोडणं) काहीतरी करावं लागतं. पृष्ठभागावरचा रिसेप्टर बघायचा असेल तर मात्र ही भानगड नाही.

कधीकधी तर कण आत गेलेलेच नसतात, नुसते बाहेरून चिकटलेले असतात. झेड-स्टॅक (वेगवेगळ्या खोलीवरच्या फोटोंची मालिका) घ्या, आणि एक प्लेट 4 अंशांवर ठेवून बघा, थंडीत एंडोसायटोसिस जवळजवळ थांबतं, तरी सिग्नल तेवढाच आला तर कण बाहेरच चिकटलेत असं समजून जा.

गुठळ्यांचंही तेच. पीबीएसमधल्या (पेशी धुवायचं खारट बफर) मिठाने किंवा मीडियातल्या सिरममुळे कण एकमेकांना चिकटतात, म्हणून वापरायच्या आधी थोडं सेंट्रिफ्यूज करून वरचंच घ्या. आणि बाटली फ्रीजमध्ये ठेवायची, फ्रीझरमध्ये नाही, गोठली की संपलं (आमच्याकडे एकाने ठेवली होती, असो). एकटा डॉट मध्येच विझतो, परत लागतो, त्याला ब्लिंकिंग म्हणतात. एकेका कणाचा माग काढताना (ट्रॅकिंग) त्याने वैताग येतो खरा, पण ठिपका अजिबात ब्लिंक करत नसेल तर तो एक कण नसून गुठळी असायची शक्यता जास्त.

कण न दिलेल्या पेशी त्याच लेझर पॉवरवर, त्याच गेनवर (डिटेक्टर सिग्नल किती वाढवतो ते) बघितल्याशिवाय पुढे जाऊच नका, कारण पेशीतलेच फ्लेविन, एनएडीएच हे रेणू आणि मीडियातला फिनॉल रेड हा रंग हेसुद्धा चमकतात. कॅडमियमवाल्या डॉटवर झिंक सल्फाइडचं कवच नीट नसेल तर हवा आणि यूव्हीने कॅडमियम सुटतं आणि पेशी मरतात.

लिंबाच्या रसापासून वगैरे कार्बन डॉट (कार्बनचे चमकणारे नॅनोकण) बनवणाऱ्यांनी डायलिसिस (बारीक छिद्रांच्या पिशवीतून छोटे रेणू बाहेरच्या पाण्यात जाऊ देणं) घाईत उरकू नये, चमक बऱ्याचदा कणांची नसून सोबत तयार झालेल्या छोट्या रेणूंची असते. पाणी बदलताना बाहेरचं पाणी यूव्ही टॉर्चखाली धरा, ते चमकतंय तोवर डायलिसिस चालूच ठेवा.