उत्तरेच्या मैदानी मुलखातील एप्रिल ते जूनचा हवामान अंदाज कसा वाचावा

पंजाब, हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातील गावांत उन्हाळा सुरू होतो तो गव्हाच्या कापणीने, त्यामुळे तिथे अंदाज चुकीचा वाचला तर वर्षाची मेहनत भिजते. मार्चच्या अखेरीस भारतीय हवामान विभाग तीन महिन्यांचा हंगामी अंदाज जाहीर करतो. त्यातील शक्यतेच्या नकाशावरचा गडद रंग पारा किती अंशांनी चढेल हे दाखवत नसून, तापमान सरासरीपेक्षा जास्त राहण्याची शक्यता किती टक्के आहे एवढेच दाखवतो. उन्हाळी मुगाच्या पाण्याची आणि गुरांच्या सावलीची तजवीज त्यावरून जरूर करावी, पण कापणीचा दिवस ठरवू नये.

दिवस ठरवायचा तर दर गुरुवारी येणारा चार आठवड्यांचा अंदाज आणि मंगळवार-शुक्रवारचा जिल्हानिहाय कृषी सल्ला पाहावा. त्यात सर्वांत आधी शोधायचा शब्द म्हणजे पश्चिमी चक्रावात. भूमध्य समुद्राकडून येणारी ही प्रणाली हिवाळ्यात गव्हाला पाऊस देते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र तापलेल्या जमिनीवर तीच वादळ, वीज आणि गारा घेऊन येते. २ मे २०१८ च्या धुळीच्या वादळाने उत्तर प्रदेश आणि राजस्थानात शंभरहून अधिक बळी घेतले होते. अशी आँधी येण्यापूर्वी बरेचदा वारा एकदम पडतो आणि क्षितिजावर मातकट भिंत उभी राहिलेली दिसते. ती दिसल्यावर ताडपत्री शोधायला वेळ उरत नाही, म्हणून हवामान विभागाचा इशारा पिवळा, म्हणजे नुसता सावध राहण्याचा असतानाच कापलेले पीक झाकून घ्यावे.

गव्हाचा दाणा दाताखाली धरून पाहावा. तो कटकन तुटला तर वाळलेला आहे, दबला तर अजून ओल आहे असे समजावे. सरकारी खरेदीत ओलाव्याची मर्यादा १२ टक्के असते. त्यापुढे १४ टक्क्यांपर्यंत ओलावा असेल तर भावात कपात होते. म्हणून पावसाचा अंदाज असेल तर घाईने बाजारात उघड्यावर ढीग टाकण्यापेक्षा माल छपराखाली दोन दिवस थांबवणे मला अधिक शहाणपणाचे वाटते.

मैदानी भागात कमाल तापमान किमान ४० अंश असून ते सरासरीपेक्षा ४.५ अंश किंवा त्याहून अधिक वाढले, अथवा थेट ४५ अंशांवर पोहोचले, की उष्णतेची लाट धरली जाते. बातम्यांत एवढाच आकडा झळकतो, पण रात्रीचे किमान तापमानही तितक्याच काळजीने वाचावे; रात्र गार झाली नाही तर दिवसभर लू, म्हणजे उन्हाळ्यातला तापलेला कोरडा वारा, झेललेल्या माणसाच्या आणि म्हशीच्या शरीराला सावरायला अवधीच मिळत नाही. अशा दिवसांत शेतातली कामे सकाळी दहाच्या आत उरकावीत.

विजेसाठी पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने तयार केलेले दामिनी ॲप मोबाइलवर असावे आणि ढग दाटल्यावर हवामान विभागाचा पुढच्या तीन तासांचा अंदाज पाहावा. झाडाखाली कधीही थांबू नये.

जूनमधल्या पहिल्या जोरदार सरीला मोसमी पाऊस समजून भाताची लावणी करू नये, कारण दिल्लीतही मोसमी पावसाची सर्वसाधारण तारीख २७ जून आहे आणि पश्चिमेकडील जिल्ह्यांना त्यानंतरही काही दिवस वाट पाहावी लागते.