कार्टून कॉमेडीचा एपिसोड करायचाय? आधी ड्रॉइंगला हात लावू नका

खरंच सांगतो, सगळ्यात मोठी चूक तीच. अर्ध्या तासाच्या स्लॉटमधे जाहिराती काढून साधारण 22 मिनिटं उरतात, त्यात एक मेन गोष्ट आणि बाजूला एक छोटी गोष्ट, बास. मेन गोष्ट एका वाक्यात सांगता आली पाहिजे, म्हणजे कोणाला काय हवंय आणि ते मिळवताना तो अजून कसा गाळात जातो. जोक नंतर सुचतात, पात्राचा हट्ट पक्का असला की.

स्क्रिप्ट झाली की चारपाच जणांना बसवून मोठ्याने वाचून घ्या, जिथे कोणी हसलं नाही ती ओळ उडवा, कितीही लाडकी असली तरी (जीव तुटतो, माहितीये). मग आवाज रेकॉर्ड करा, हो, चित्रांच्या आधी, कारण ओठ आणि हावभाव आवाजावर बसवायचे असतात.

आता स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक सीनची कच्ची चित्रं ओळीने, आणि तो आवाजासोबत जोडून अॅनिमॅटिक, म्हणजे एपिसोडचा कच्चा व्हिडिओ. खरी कॉमेडी इथेच बनते, पात्र गप्प बसून बघत राहतं तो पॉज अर्धा सेकंद कमीजास्त केला तरी जोक मरतो किंवा जगतो, त्यामुळे इथे वाट्टेल तेवढी काटछाट करा, पुढे प्रत्येक बदल महाग पडतो. मग खरं ड्रॉइंग, सेकंदाला 24 फ्रेम (म्हणजे एकामागून एक दिसणारी स्थिर चित्रं) असतात पण एक ड्रॉइंग दोन फ्रेम धरलं तर 12 ड्रॉइंगमधे भागतं.

रंग, बॅकग्राउंड, म्युझिक सगळं त्यानंतर.