पूर्णांकयुक्त अपूर्णांकाचा अंशाधिक कसा करायचा

जळगावच्या बाजारातून भरताची वांगी आणली पावणेतीन किलो, म्हणजे २ पूर्णांक ३/४, आता हे अंशाधिक करायचं, म्हणजे वरचा अंश खालच्या छेदापेक्षा मोठा असलेला एकच अपूर्णांक करायचा, तर आधी छेद बघा, तो ४ आहे, म्हणजे सगळं पाव-पाव किलोत मोजायचं. एका किलोत ४ पाव, २ किलोत ८, वरचे ३ मिळवले की ११, झालं ११/४.

पोरांकडून नुसतं 'गुणा आणि मिळवा' पाठ करून घेऊ नका हो, गुणायचं कशाला ते आधी दाखवा, मग विसरत नाहीत. छेद तोच ठेवायचा, इथंच मार्क जातात, ३ पूर्णांक २/५ चे ३ गुणिले ५ अधिक २ असे १७ बरोबर काढतात अन् खालचा ५ लिहायचाच राहतो! उत्तर १७/५. ताळा करायला १७ ला ५ ने भागा, भागाकार ३, बाकी २.